चुलीच्या वर काय टांगलं होतं

सोमवार, १२ डिसेंबर १९५५. पट सव्वीस. हजर अठरा. गैरहजर आठ: पाच जण खळ्यावर, मळणी चालू. दोघांना हिवताप. चौथीतली मुलगी, सलग नववा दिवस, कारण माहीत नाही.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. हजेरीपत्रक सरकारचं, वही माझी. मला याद्या करायची सवय आहे आणि ती लपवण्यासारखी आहे असं मला वाटत नाही. या गावी बदलून आलो तेव्हा सोबत एक ट्रंक, एक कंदील आणि अकरा वह्या होत्या. बायको म्हणाली, "परात मागे राहिली, वह्या मात्र सगळ्या आल्या." वह्या मोजून घेतल्या होत्या. भांड्यांची यादी करायची राहून गेली होती.

गाव कुरखेडा आणि धानोरा यांच्यामध्ये, जंगलात. अलीकडे धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, नाल्यापलीकडे गोंडांचा टोला. शाळा एका खोलीची, शिक्षक मी एकटा. ती मुलगी टोल्यावरची. चौथीपर्यंत पोचलेली तिथली पहिलीच. एप्रिलमध्ये धानोऱ्याच्या केंद्रावर चौथीची परीक्षा होती. त्या परीक्षेला मुलगी बसली नसती तर तिची शाळा तिथेच संपली असती, कारण एकदा घरी राहिलेली मुलगी पुन्हा आलेली मी तरी पाहिली नव्हती. म्हणून त्या दिवशी शाळा सुटल्यावर नाला ओलांडला.

मुलगी दारातच भेटली. हातात फुंकणी, डोळे लाल. आई बाहेर सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतीला टेकून बसली होती. छपराच्या गवतातून धूर झिरपत होता.

"का गं, शाळा सोडलीस?"

"सोडली नाई जी. मायच्यानं चुलीपाशी बसवत नाई. धूर लागला का खोकला, खोकला आला का दम."

आई म्हणाली, "मी तिले सांगतलं, जा शाळेत. मंग रांधल कोण? तुमी येता काय गुरुजी रांधाले?"

"मला भात येतो बाई. भाजी येत नाही."

"मंग काय कामाचे?" ती हसली, आणि हसण्याचाच खोकला झाला. तो थांबेपर्यंत मुलगी तिची पाठ चोळत राहिली.

तिच्या नवऱ्याने तिला बैलगाडीने आणि पुढे मोटारीने गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, नळी लावली आणि सांगितलं की क्षय नाही, धुराने छाती खराब होत चालली आहे, हिला धुरापासून लांब ठेवा. नवरा मला म्हणाला, "लांब म्हंजे कुठी ठेवू जी तिले? मोहाच्या झाडावर?"

मी घरात गेलो नाही. टोल्यावर स्वयंपाकाच्या खोलीतच घरचे देव असतात, बाहेरच्या माणसाने तिथे पाऊल टाकायचं नसतं. ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात कळली होती आणि 'पाळायचे नियम' या पानावर लिहून ठेवली होती. नियम मी नीट पाळला. त्यातूनच पुढची चूक झाली, पण ती पुढे.

आदल्या उन्हाळ्यात वर्ध्याकडे शिक्षकांचं एक महिन्याचं शिबिर झालं होतं. तिथे एका अंगणात मातीची दोन तोंडांची चूल पाहिली होती. तिला मागून नळी होती आणि धूर भिंतीबाहेर जायचा. मी मापं उतरवून घेतली होती. घरी येऊन वही क्रमांक नऊ उघडली. मापं होती. मग कामांची यादी केली. पहिलं काम मुलांना धूर दाखवणं, कारण धूर त्यांना दिसतच नव्हता. जन्मापासून घरात असलेली वस्तू कोणाला दिसते?

माझं एक जुनं धोतर फाडून हातरुमालाएवढे तुकडे केले. प्रत्येकाला दोन दिले. एक ओला करून चुलीजवळच्या मडक्याच्या तोंडावर बांधायचा, दुसरा अंगणातल्या झाडाला. दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे वर्गात सुतळीवर टांगले. अंगणातले मळकट झाले होते. चुलीजवळचे पिवळे-काळे. एक मुलगा उडी मारून ओरडला, "माहावाला सगळ्यात काळा! पहिला नंबर!" आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. हा नंबर उलटा मोजायचा असतो हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. तो मुलगा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

मग फुप्फुसं. मी फळ्यावर दोन पिशव्या काढल्या.

"हे काय जी? वांगे?"

"माणसाची फुप्फुसं. श्वास इथे जातो."

"असे नसते ते," मागून आवाज आला. "फोफस आमी पाह्यलं हाये. बकऱ्याचं."

"मग कसं असतं?"

"आणून दाखवू?"

माझ्या घरी लसूणसुद्धा जपून खातात. पण शिकवायला बसलेल्या माणसाने 'नको' म्हणू नये, म्हणून मी 'आणा' म्हणालो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानावर बकऱ्याचं फोफस आलं. मी खिडकीजवळ उभा राहिलो, आवश्यकतेपेक्षा दोन हात लांब. एकाने पपईच्या पानाचा पोकळ देठ नळीत घातला आणि फुंकलं. ते लिबलिबीत मांस हळूहळू वर आलं, गुलाबी झालं, उशीसारखं फुगलं. देठ काढल्यावर पुन्हा बसलं. मागच्या मुलांनी पुढे सरकून फुंकणाऱ्याभोवती कडं केलं.

मी सुतळीवरच्या काळ्या फडक्यांकडे बोट केलं. "हा काळा थर आत बसला तर काय होईल?"

"मंग फुगणार नाई," फुंकणारा म्हणाला.

ते वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. शिबिरात दोन तास झालेल्या व्याख्यानात याहून जास्त काही नव्हतं.

इंधनाचा धडा तर मी शिकवलाच नाही, शिकलो. कोणतं लाकूड किती धूर करतं, असं विचारलं मात्र, आणि भांडणच लागलं. जंगलातून सरपण आणणारी मुलं ती. शेवटी यादी ठरली. सगळ्यात वर वाळलेला धावडा, निखारा चांगला आणि धूर कमी. मग ऐन. मग मोह, पण मोह तोडायचा नाही, पडलेली फांदी घ्यायची. सगळ्यात खाली पळस. आणि कोणतंही ओलं लाकूड यादीच्या बाहेर. मी फक्त रेघा मारल्या. पावसाआधी वाळलं सरपण वळचणीला उंचावर रचून ठेवायचं, हे त्यांनी स्वतःहून ठरवलं.

याच सुमारास मी सगळ्या घरांचा तक्ता केला. चार रकाने: चुली किती, लाकूड कोणतं, धूर कुठून बाहेर जातो, खोकला कोणाला. मुलं घरी पाहून यायची, मी भरायचो. तक्ता सुंदर झाला होता. तपासणीला कोणी आलं तर दाखवीन, असंही मनात होतं.

चूल आम्ही मातीकामाच्या तासाला केली. वारुळाची माती, धानाचा कोंडा, आणि कुंभाराकडून भाजून आणलेल्या तीन नळ्या. शाळेच्या मागे पहिली केली. तिने सगळा धूर आमच्याच तोंडावर सोडला. चुलीचं तोंड मोठं झालं होतं. दुसरी नीट झाली. मग एका रविवारी मुलीच्या घरी.

मी बाहेर सपरीत, वही मांडीवर. आत आई आणि मुलगी. मध्ये भिंत.

"पुढचं तोंड एक वीत आणि दोन बोटं!" मी ओरडलो.

आतून आईचा आवाज: "कोनाची वीत जी? तुमची का माही?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. शिबिरात मापं मीच माझ्या हाताने घेतली होती. शेवटी बांबूची काडी माझ्या हाताच्या मापाने कापली आणि दारातून आत सरकवली. अशा सहा काड्या गेल्या. शेजारची म्हातारी तोवर कुडाला रेलून सगळं पाहत होती. चूल पेटली आणि भिंतीबाहेरच्या नळीतून धूर निघाला, तेव्हा ती म्हणाली, "पाहा व माय! घर बिडी ओढून राह्यलं!"

चिखल सुकायला, तडे बुजवायला दिवस गेले. होळीच्या आत आई स्वतः रांधायला बसू लागली. खोकला गेला नाही, पण दम लागेना. मुलगी शाळेत आली त्या दिवशीची नोंद आहे: 'पट सव्वीस, हजर पंचवीस.' जो एक गैरहजर होता त्याचं कारण त्या दिवशी मी लिहायला विसरलो. असं माझ्याकडून फार क्वचित होतं.

एप्रिलमध्ये ती धानोऱ्याला परीक्षेला बसली आणि पास झाली. गडचिरोलीत तिची मावशी राहत होती. जूनमध्ये पाचवीला तिकडे पाठवायचं ठरलं. टोल्यावर आणखी दोन चुली झाल्या, त्यातली एक त्या म्हातारीची. मी तक्त्यात तीन घरांपुढे लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या.

मृग लागला. एका सकाळी म्हातारी शाळेत आली. हातात टोपली. तिने ती माझ्या टेबलावर, हजेरीपत्रकावर, उपडी केली. मक्याचे दाणे, भोपळ्याच्या बिया, काकडीच्या बिया. सगळ्यांना भोकं. पिठाचा भुरका पसरला आणि लहान काळे सोंडे मुलांच्या नावांवरून चालू लागले.

"तुमाले मोजाची लय हौस हाये ना जी?" ती म्हणाली. "मोजा."

मला काहीच कळलं नाही. तेव्हा तिनेच सांगितलं. प्रत्येक चुलीच्या वर बांबूची जाळी टांगलेली असते. तिच्यावर मक्याची कणसं, बियांनी भरलेले वाळल्या भोपळ्याचे तुंबे. वर्षभर खालून धूर लागतो, म्हणून कीड लागत नाही. आजीची आजीही असंच करायची. या वर्षी धूर भिंतीबाहेर बिडी ओढत बसला आणि बियाणं किडीने खाल्लं.

मी वर्गाकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मुलांनी माना हलवल्या. माहीत होतंच की.

"मग सांगितलं का नाही?"

तिसरीतल्या एका मुलीने अगदी सरळ उत्तर दिलं. "तुमी चुलीजवळ काय, ते इचारलं जी. वर काय, ते नाई इचारलं."

चार रकाने. पाचवा नव्हता. स्वयंपाकाची खोली मी कधी पाहिली नव्हती, आणि जे मी पाहिलं नव्हतं त्याला माझ्या तक्त्यात जागाच नव्हती.

म्हातारीने त्याच दिवशी चूल फोडली. दुसऱ्या घरानेही फोडली. मी नाला ओलांडून मुलीच्या घरी निघालो.  ती चूल फुटली असेल तर पुन्हा धूर, पुन्हा दम, आणि आठवड्यावर आलेलं मुलीचं गडचिरोलीला जाणं रद्द. बियाणं गेलेल्या घरापुढे उभं राहून 'तरी चूल ठेवा' म्हणायचा मला काय अधिकार होता?

भिंतीबाहेरची नळी जागेवर होती. आई सपरीत सूप घेऊन बसली होती.

"बाई, तुमचंही बी गेलं?"

"गेलं ना जी."

"मला माहीत नव्हतं."

"मले होतं." ती सूप पाखडत राहिली. "धूर नाई त कीड येनारच. लेकरू सांगल."

"मग बोलला का नाहीत तुम्ही? मी काहीतरी..."

"काय केलं असतं तुमी? वहीत लिवलं असतं. इचार करून राह्यले असते. तोवर परीक्षा निघून गेली असती." तिने सूप खाली ठेवलं. "मक्का गेला त शेजारी देईल. काकडी कोनीबी देईल. पोट्टीची परीक्षा कोन देईल जी?"

मी कुडाच्या सावलीत खाली बसलो. चूल मी दिली, असं मी चार महिने समजत होतो. तिने ती घेतली होती, किंमत माहीत असून, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं.

मुलगी आतून मूठ बंद करून आली आणि तिने ती माझ्यासमोर उघडली. पांढरे वालाचे दाणे, प्रत्येकाच्या डोळ्याशी काळा ठिपका, आणि प्रत्येकाला भोक. हे वाल आईला तिच्या आईने लग्नात तुंब्यात भरून दिले होते. दर वर्षी कुंपणावर चढायचे, दर वर्षी त्यातलं बी पुन्हा चुलीवर जायचं. टोल्यावर दुसऱ्या कोणाकडे ते नव्हते. माहेरी आता भाऊ उरला होता आणि त्याने वाल लावणं केव्हाच सोडलं होतं.

"तेवढं एक वाईट झालं," आई म्हणाली. "बाकीचं काई नाई."

मग तिने मला बी किडल्यावर काढलेली युक्ती सांगितली. मी ती ऐकून उभाच राहिलो. नळी भिंतीत शिरते त्याच्या अलीकडे, घराच्या आत, तिने नळीला मुठीएवढं भोक पाडलं होतं आणि त्यावर खापराचं झाकण ओल्या मातीने बसवलं होतं. रांधणं झालं, सगळी शेतावर निघाली, की चुलीत ओलं लाकूड सारायचं, झाकण काढायचं, दार ओढून घ्यायचं. घरात माणूस नाही, तेव्हा धूर सगळा बियांचा. परत आल्यावर झाकण बसवायचं आणि दार उघडून वारा येऊ द्यायचा.

"लाकूड कोणतं घालता?"

मुलगी म्हणाली, "पळस. आपल्या यादीत सगळ्यात खाली व्हय ना जी? सगळ्यात जास्त धूर त्याचाच."

वर्गात जी यादी आम्ही धूर टाळायला केली होती, ती मुलीने घरी नेऊन उलटी वाचली होती. मला आनंद झाला तो लपवता आला नाही. मी वही काढली. आई म्हणाली, "झालं. आता लिवतील." मी लिहिलं. भोक किती मोठं ते विचारलं. "माही मूठ," ती म्हणाली. या वेळी कोणाची, हे विचारावं लागलं नाही. मुलीने तिच्या मुठीच्या मापाची काडी आतून आणून दिली.

ती काडी घेऊन मी म्हातारीकडे गेलो. तिने काडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "माफी मागाले आले का चूल इकाले?"

"माफी आधी," मी म्हणालो. "चूल तुमची मर्जी."

पावसाळ्यात तिने काही केलं नाही. दिवाळीनंतर तिने स्वतः माती मळली आणि झाकणाची चूल केली. आता आल्या-गेल्याला सांगते, "आमचं घर बिडी ओढते, पन मी म्हनीन तवाच." पुढच्या मृगात तिच्या मक्याला कीड नव्हती. दुसऱ्या घरानेही चूल पुन्हा बांधली. तक्त्याला मी पाचवा रकाना आखला: चुलीच्या वर काय. त्यानंतर कोणत्याही घरी चुलीचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि घरची बाई ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघू लागते त्यावरून कळतं की हा माणूस ऐकायला आला आहे असं तिला वाटलं.

मुलगी ठरल्या दिवशी गडचिरोलीला गेली. आता ती सातवीत आहे. आईचा खोकला थंडीत अजून उठतो. छाती पहिल्यासारखी होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी मुलांना ते लपवून शिकवलेलं नाही. पण तेव्हापासून रांधायला कोणी नाही म्हणून मुलीला घरी बोलावणं एकदाही आलेलं नाही. मी अनेक गावांत शिकवलं, अनेकांनी मला गुरुजी म्हटलं. त्या बाईने मला जे शिकवलं त्याबद्दल तिला काही म्हणायचा शब्द माझ्याकडे नाही, म्हणून दर थंडीत वाळलेल्या धावड्याची एक मोळी मुलांकरवी पाठवतो. ती म्हणते, "गुरुजीले सांगा, भाजी शिका आता."

कामांच्या यादीत त्या वर्षीची बहुतेक कामं खोडलेली आहेत. एक उरलं आहे. त्या दिवशी भोक पडलेले दोन वाल मी नमुना म्हणून मागून घेतले होते. ते काड्यापेटीत ठेवले आहेत. कुरखेड्याच्या बाजारात दाखवले, धानोऱ्याला दाखवले, मुलीला पाहायला गडचिरोलीला गेलो तेव्हा तिथेही बियाणं विकणाऱ्या प्रत्येक बाईपुढे पेटी उघडली. पांढरा वाल मिळतो, काळा मिळतो, लाल डोळ्याचा मिळतो. तिथली एक म्हातारी म्हणाली की तिने असा पाहिला आहे, नदीपलीकडच्या एका गावात, लग्नाला गेली होती तेव्हा. गावाचं नाव तिला आठवलं नाही. मी तिला चार गावांची नावं घेऊन पाहिली, प्रत्येकाला ती 'असेल' म्हणाली. ती चारही गावं पायी दोन दिवसांच्या आत आहेत. पहिल्या गावी जायचं आहे. पेटी कोटाच्या आतल्या खिशात आहे.